संस्था कशाने टिकते?

वसंत व्याख्यानमाला ही आपल्या महाराष्ट्रात जुनी गोष्ट आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली आणि पुढे गावोगाव तिचे अनुकरण झाले. श्रोते या नात्याने आपण नेहमी पाहतो ते वक्ता कोण आणि विषय कोणता एवढेच. आज थोडे निराळ्या बाजूने पाहू. सतरंज्या कोणी घातल्या? वक्त्याला पत्र कोणत्या महिन्यात गेले? पावतीपुस्तके कोणाकडे होती, आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च कोणी मांडला? वक्ते येतात आणि जातात. व्याख्यानमाला टिकते ती ह्या न दिसणाऱ्या कामावर. हे न दिसणारे काम हाच आमचा आजचा विषय आहे.

आम्ही कामगार-चळवळीतले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण मोंढ्यातल्या हमालांत, जिनिंगच्या आवारात आणि रोलिंग मिलच्या फाटकावर झाले. त्यामुळे व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत ज्याला मोठमोठी नावे आहेत, ते आम्ही साध्या शब्दांत सांगणार. लहान संस्थांनी आपल्या कामाचा दोन-तीन वर्षांचा विचारपूर्वक आराखडा करावा आणि त्यायोगे आपले बळ वाढवावे, एवढाच आमचा मुद्दा आहे. तो ऐकायला सोपा आणि करायला कठीण आहे.

‘जालना, सोने का पालना’ अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यापाराच्या बाबतीत ती खरी असेल. सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत मात्र पाळणा हलतो, बारसे थाटात होते, आणि मूल चालू लागण्याआधीच घर शांत होते, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. वाचनालय निघते, महिलांचे मंडळ निघते, व्यसनमुक्तीचे काम निघते. पहिल्या वर्षी फलक आणि उद्घाटन, दुसऱ्या वर्षी दोघांतिघांची धावपळ, तिसऱ्या वर्षी कुलूप. संस्था मेली म्हणून कचेरीतला नोंदणी-क्रमांक मरत नाही. मरतो तो लोकांचा विश्वास. ज्या वस्तीत एक संस्था अशी बंद पडली, तेथे दुसरी गेली तर लोक दारातूनच विचारतात, “तुम्ही तरी किती दिवस?” ह्या प्रश्नाची किंमत मोजणारा संस्थाचालक नसतो, ज्याला मदतीची गरज होती तो गरीब माणूस असतो.

तेव्हा आधी ‘बळ’ म्हणजे काय ते ठरवू. पुष्कळांना वाटते, बळ म्हणजे पैसा. काहींना वाटते, बळ म्हणजे एखादा तळमळीचा पुढारी. दोन्ही हवेत, पण दोन्ही पुरेसे नाहीत. ठरवलेले काम, ठरलेल्या वेळी, एखादा माणूस आजारी पडला तरी पार पाडण्याची शक्ती, तिला आम्ही संस्थेचे बळ म्हणतो. ह्यातले तिन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. काम ठरलेले नसेल तर धावपळ होते. वेळ ठरलेली नसेल तर नुसती आश्वासने होतात. आणि सारे एका माणसावर असेल, तर ती संस्था नव्हेच; तो त्या माणसाचा सद्गुण.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्याच चळवळीच्या इतिहासात आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे हिंदुस्थानातील कामगार-चळवळीचे आद्य प्रवर्तक. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार अशा त्या मागण्या होत्या. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार सुखाने घालवतो, त्यात ह्या माणसाचा मोठा वाटा आहे.

पण १८९२ सालच्या फॅक्टरी कायद्याच्या अंमलबजावणीवरील सरकारी अहवालाने ह्या असोसिएशनबद्दल काय नोंदले? तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, आणि लोखंडे हे येईल त्या कामगाराला स्वयंसेवकाच्या नात्याने सल्ला देतात. सरकारी माणसाचे म्हणणे म्हणून त्यातला तुच्छतेचा भाग आपण सोडून देऊ. त्या काळी कामगार संघटनेला कायद्याचे संरक्षण नव्हते. ते १९२६ साली आले. शिवाय बारा-चौदा तास राबणाऱ्या, निरक्षर, गावाकडे ये-जा करणाऱ्या माणसांची यादी ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हती. लोखंड्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही त्या अहवालातल्या तीन वस्तू, यादी, निधी आणि नियम, आपण नीट ध्यानात ठेवाव्यात. १८९७ साली मुंबईच्या प्लेगात, रुग्णांची सेवा करीत असताना लोखंडे वारले, आणि त्यांच्यामागे ते काम त्याच जोमाने उचलील अशी रचना उरली नाही. केवढा मोठा माणूस, आणि केवढे नुकसान!

आता दुसरे चित्र पाहा. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. वक्तृत्वाने सभा जिंकणारे ते पुढारी नव्हते. कागद नीट ठेवणारे, आकडे गोळा करणारे गृहस्थ होते. लीगच्या उद्देशांतच सामाजिक परिस्थितीची माहिती गोळा करून तिचा अभ्यास करणे हे कलम होते. म्हणजे सेवा करायची, पण आधी कोणाला काय हवे ते पाहून. त्यातून रात्रीच्या शाळा निघाल्या, वाचनालये निघाली, सहकारी पतपेढ्या निघाल्या. हेच जोशी १९१९ साली वॉशिंग्टनला पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले, आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत अग्रभागी होते. लोखंड्यांची तळमळ जोशांच्या तळमळीपेक्षा रतिभरही कमी नव्हती. दोघांच्या मध्ये जो फरक पडला तो काळाचा आणि रचनेचा.

मुंबईची गोष्ट पुष्कळ झाली. आता आपल्या जिल्ह्यात येऊ. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव आज द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी ओळखले जाते. बाहेरगावचे लोक ते पाहायला येतात, शेततळी मोजतात आणि परत जातात. आमच्या मते कडवंचीत पाहण्यासारखी खरी गोष्ट शेततळ्यांच्याही आधीची आहे. १९९६ साली तेथे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम सुरू झाले. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि ते चालवणारे मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, ह्या आपल्याच जिल्ह्यातील संस्थांनी ते हाती घेतले. १,८८८ हेक्टरांचे ते पाणलोट क्षेत्र.

ह्या कार्यक्रमाची रीत लक्षात घेण्यासारखी होती. नाबार्ड आणि १९९३ साली फादर हर्मन बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी स्थापन केलेली ‘वॉटर’ ही संस्था त्यामागे होत्या. गावाने मागितले आणि लगेच सारा पैसा दिला, असे त्यात नव्हते. आधी एक तयारीचा काळ. त्या काळात थोड्याच क्षेत्रावर काम करायचे, गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. ग्रामसभेतून पाणलोट समिती निवडायची. तिने हजेरीपट, मोजमाप, बँकेतले खाते हे सारे सांभाळायला शिकायचे. ह्या परीक्षेत गाव उतरले, तरच पुढचा मोठा टप्पा. पैशाच्या आधी पैसा पेलण्याची ताकद, असा तो क्रम होता.

आराखडाही कचेरीत बसून झाला नाही. प्रत्येक गटनंबरात जायचे, शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या बाईला बरोबर घ्यायचे, बांध कोठे पडेल, उतार कोणीकडे आहे, जमिनीचा कस काय, हे त्यांच्या तोंडून ऐकून कागदावर घ्यायचे. कारण सरळ आहे. बांध ज्याच्या शेतात पडणार त्याला तो मान्य नसेल, तर पुढच्या पावसाळ्यात तो नांगराखाली जातो. कामाचा क्रमही माथ्याकडून पायथ्याकडे. डोंगरावरचे पाणी आधी अडवायचे, मग शिवारातले, सर्वांत शेवटी ओढ्यातले. उद्घाटनाला शोभून दिसतो तो ओढ्यावरचा बंधारा. पण तो आधी बांधला तर वरची माती येऊन दोन पावसाळ्यांत भरून जातो.

२०१२ साली पावसाने पाठ फिरवली आणि जालना जिल्हा राज्यातील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत गणला गेला. त्या वर्षी आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात कडवंचीच्या पुष्कळ बागा शेततळ्यांवर तगल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. कार्यक्रमाचा काळ केव्हाच संपला होता. गावाची सवय मात्र राहिली होती. बळ वाढले की नाही ह्याची कसोटी हीच: बाहेरचा माणूस निघून गेल्यावर काय उरते?

माथा ते पायथा हा नियम आम्हाला संस्थेलाही लागू वाटतो. संस्थेचा माथा म्हणजे हेतू, यादी, नियम आणि हिशेब. पायथा म्हणजे लोकांना दिसणारा उपक्रम. आपण बंधारा आधी बांधतो आणि मग गाळ का भरला म्हणून आश्चर्य करतो.

हे प्रत्यक्षात कसे करावे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातील एका गावात पंधरा-वीस जणांनी एक लहान संस्था काढली आहे. गावातली बरीच कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. मूल बरोबर गेले तर शाळा बुडते. मागे राहिले तर म्हाताऱ्या आजीच्या स्वाधीन. संस्थेच्या बैठकीत कोणी तरी कळवळून म्हणतो, “आपण चाळीस मुलांचे वसतिगृह काढू.” टाळ्या पडतात. आता ह्या टाळ्या थांबल्यावर पाटी-पेन्सिल घ्यावी.

चाळीस मुले, हंगामाचे १८० दिवस, आणि मुलामागे जेवणाखाणाचा रोजचा खर्च ७० रुपये धरला, तर ५,०४,००० रुपये झाले. मुलांना सांभाळायला दोन बाया, प्रत्येकीला दरमहा १०,००० रुपये, सहा महिन्यांचे १,२०,०००. एकूण ६,२४,०००, जागा, अंथरूण, औषध अजून बाहेरच. आता संस्थेची स्वतःची मिळकत पाहा. दोनशे सभासद, दरमहा ५० रुपये वर्गणी, वर्षाचे १,२०,०००. तेही सर्वांनी वेळेवर दिली तर. म्हणजे खर्चाचा पाचवा हिस्साही हातात नाही. उरलेला पैसा एखाद्या उदार देणगीदाराने पहिल्या वर्षी दिला आणि दुसऱ्या वर्षी हंगामाच्या मध्यावर हात आखडता घेतला, तर काय होईल? आईबाप कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात, आणि वसतिगृहाला कुलूप. ते मूल जाणार कोठे? चांगल्या हेतूने केलेल्या कामाने एवढा मोठा घात होऊ शकतो. म्हणून आम्ही म्हणतो की हिशेब ही कोरडी गोष्ट नाही. तो दयेचाच भाग आहे.

ह्याच संस्थेने त्रैवार्षिक आराखडा केला तर तो कसा होईल? पहिल्या पावसाळ्यात घरोघर जाऊन यादी: कोणते कुटुंब जाते, मुले किती, कोणत्या इयत्तेत, मागे सांभाळणारे कोण. हिवाळ्यात, आजीजवळ राहणाऱ्या वीस मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग. शिकवणाऱ्या मुलीला दरमहा ८,०००, सहा महिन्यांचे ४८,०००. वीस मुलांना वर्गाच्या १५० दिवशी २० रुपयांचे खाणे, ६०,०००. झाले १,०८,०००. उरलेल्या १२,००० रुपयांत वह्या, दिवाबत्ती आणि हिशेबतपासणी. हे काम लहान आहे, पण कोणाच्याही मेहेरबानीवर नाही. दुसऱ्या वर्षी सभासद वाढवायचे, वर्षभराचा वर्ग चालेल एवढी शिल्लक बाजूला ठेवायची, आणि मागे सांभाळणारे कोणीच नाही अशी मुले किती ते यादीवरून काढायचे. तिसऱ्या वर्षी अशा दहा-बारा मुलांची निवासाची सोय, त्यात मुली आधी. तेव्हा देणगीदाराकडे जायचे ते तीन वर्षांची यादी, हजेरी आणि तपासलेले हिशेब हातात घेऊन. मग तो देणगीदार उपकार करीत नाही, चालत्या कामाला हात लावतो.

ह्या उदाहरणातून आराखड्याची अंगे आपोआप निघतात. पहिले, हेतू एका वाक्यात सांगता यावा. ‘समाजाचा सर्वांगीण विकास’ हा हेतू नव्हे. त्यात काय करायचे नाही हे कळत नाही. ‘आमच्या गावातील ऊसतोड कुटुंबाच्या एकाही मुलाची शाळा सुटू नये’ हा हेतू. दुसरे, आपली मोजदाद प्रामाणिक असावी. सभासद किती यापेक्षा आठवड्यातून चार तास देणारे किती, हे लिहावे. तिसरे, आणि सर्वांत अवघड, नाही म्हणण्याची तयारी. रक्तदान चांगले, वृक्षारोपण चांगले, सामुदायिक विवाह चांगले. परंतु सारेच चांगले एकाच संस्थेने करायचे नसते. मोंढ्यातला अनुभवी हमालही पोते उचलण्याआधी ते हलवून पाहतो. ज्याने न पाहता पाठ दिली, त्याची पाठ गेली.

चौथे अंग दुसऱ्या फळीचे. प्रत्येक कामाला एक करणारा आणि एक शिकणारा असावा. चिटणीस पत्रव्यवहार करतो तेव्हा शेजारी एक तरुण बसलेला असावा. खजिनदाराच्या वहीवर दुसऱ्याचीही नजर असावी. आपल्याकडे संस्थापक हा देव्हाऱ्यातला देव होतो. त्याला हात लावायचा नाही आणि त्याने उठायचे नाही. पदाची मुदत घटनेत लिहावी आणि पाळावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कचेरीत बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ संस्थांत तो वर्षानुवर्षे दिलेला नसतो. वारलेल्या माणसांची नावे दप्तरी जिवंत असतात, आणि बँकेत सही कोणाची यावरून काम अडते. हा कायद्याचा जाच म्हणून आपण कपाळाला आठ्या घालतो. वस्तुतः यादी, निधी, नियम ह्या लोखंड्यांच्या काळी दुर्मीळ असलेल्या तीन वस्तू ठेवण्याची ती फुकटची शिकवण आहे.

पाचवे अंग पैशाचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. आपल्या पोलाद आणि बियाण्यांच्या गावात हा पैसा दाराशी येण्याचा संभव आहे, आणि तो जरूर घ्यावा. पण देणाऱ्याला यंदा पाण्याचे काम हवे म्हणून आपण पाण्याचे, पुढच्या वर्षी त्याला संगणक हवेत म्हणून आपण संगणकाचे, असे झाले की संस्था ठेकेदार होते. पुण्याच्या हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती कष्टकऱ्यांना स्वस्त आणि पोटभर अन्न मिळावे ह्या स्वतःच्या गरजेतून. म्हणून ती पुढे दीर्घकाळ चालली. वर्गणीचा रुपया लहान असतो, परंतु तो देणारा सभेत उठून हिशेब विचारतो. देणगीचा लाख रुपया असा विचारत नाही.

सहावे अंग आढाव्याचे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तासभर बसावे. तीनच प्रश्न: काय ठरले होते, काय झाले, आणि फरक का पडला. उत्तर वहीत लिहावे. आराखडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पाऊस लांबला तर शेतकरी पीक बदलतो, तसा तोही बदलावा. मात्र ठरवून बदलावा आणि कारण लिहून ठेवावे.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो. कागदांच्या ह्या भानगडीत सेवेचा जिव्हाळा आटतो, असे जुने कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला तो आक्षेप खोटा वाटत नाही. वह्या भरणे हेच काम होऊन बसलेल्या संस्था आहेत; त्यांची हजेरी चोख आणि दारात चिटपाखरू नाही. पण औषध जास्त झाले तर अपाय करते, म्हणून रोग्याला औषधच देऊ नये असे कोणी म्हणत नाही. हमालाच्या अपघाताची भरपाई मिळवताना आम्ही पाहिले आहे की, जेथे हजेरीची नोंद होती तेथे विधवेला दाद मागता आली. जेथे नव्हती तेथे सर्वांच्या डोळ्यांत पाणी होते आणि हातात काहीच नव्हते. जिव्हाळा कागदाने वाढत नाही हे खरे, पण तो कागदावाचून पुष्कळदा निरुपयोगी ठरतो.

१ मे १९८१ रोजी आपला जिल्हा झाला. ह्या आठ तालुक्यांत आज काम करू पाहणाऱ्या तरुण-तरुणींची वाण नाही. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. नवी संस्था काढण्याआधी गावात अर्धवट पडलेली एखादी जुनी आहे का ते पाहा. असेल तर तिचेच दप्तर उघडा. नसेल तर जरूर काढा, पण फलक रंगवण्याआधी चार वह्या आणा: एक सभासदांची, एक जमाखर्चाची, एक ठरावांची आणि एक कामाच्या नोंदीची. पहिल्या पानावर हेतूचे ते एक वाक्य लिहा, खाली तीन वर्षांत काय करायचे ते लिहा, आणि त्याखाली, काय करायचे नाही तेही लिहा. मग वस्तीत जा. “तुम्ही तरी किती दिवस?” असे कोणी विचारले, तर ती वही त्याच्या हाती देता आली पाहिजे.